साठीच्या तोंडावर कराटे बरं की आयकिडो?

मुलुंड (पूर्व),
रविवार, जेवणं आटोपल्यावर.

प्रिय अनंता,

तुला वाकून नमस्कार करावा तर तू माझ्यापेक्षा दोन पावसाळे लहान, आणि आशीर्वाद द्यावा तर तू तो गुपचूप घेणाऱ्यातला नाहीस. तेव्हा आपला नेहमीचा रामराम घे आणि पुढचं वाच. आम्ही इथे सगळे बरे आहोत, म्हणजे अनुपमा बरी आहे आणि मी लंगडतोय. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? बीपीची गोळी घेतोस की पाकिटातच ठेवतोस? आचऱ्याला पेजेबरोबर काही तोंडी लावणं करून घेतोस की नुसतीच पेज ओरपतोस? (हे सगळं मी फोनवर विचारलं असतं. पण तुझा फोन वाजतो, वाजतो आणि दमून थांबतो. व्हॉट्सअ‍ॅपवरचे माझे सुप्रभात एका टिकवर लटकून बसलेत. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवतोय. पोस्टमनकडे सही करायला का होईना, पडवीतल्या खुर्चीतून उठशील.)

नंदा गेली त्याला आता वर्ष होत आलं. तिचे दिवस आटपले आणि तू दाराला कुलूप घालून, चावी माझ्या हातात कोंबून, "आठ दिवसांत येतो" म्हणून गावी गेलास तो गेलासच. आणि गेल्या महिन्यात तो इस्टेट एजंट हर्षद माझ्या दारात उभा. म्हणाला, अनंतकाकांनी फ्लॅट विकायला काढलाय, चावी तुमच्याकडे आहे ना? मला हे हर्षदकडून कळावं! समोरासमोरची दारं, निम्मं आयुष्य एकमेकांच्या घरात चहा पिण्यात गेलं, आणि बातमी एजंटकडून! ठीक आहे. घर तुझं आहे, वीक नाहीतर दान कर. या पत्रात मी त्या फ्लॅटबद्दल एक अक्षर काढणार नाही असं ठरवूनच बसलोय. पत्राचं कारण निराळं आहे. मला तुझा सल्ला पाहिजे. अगदी नव्यानं सुरुवात करणाऱ्या माणसानं कराटे शिकावं की आयकिडो?

हसू नको मेल्या. पहिल्यापासून सांगतो.

मार्चअखेर मी रिटायर झालो. ऑफिसनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. (ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, देव जाणे.) पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात मी अनुपमाच्या डाळींच्या डब्यांना लेबलं लावायला घेतली. त्यानंतर तिनं सांगून टाकलं, तुम्ही सकाळचे दोन तास घराबाहेर राहत जा, कुठे जाता ते मी विचारणार नाही. असाच एकदा बाहेर पडलो, तर आपल्याच जिन्यावर, नुकत्याच पुसलेल्या लादीवरून सटकलो आणि दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर बसल्या बसल्या आलो. वॉचमन निलेश धावत आला, त्यानं मला बखोटीला धरून उभं केलं, कपडे झटकले आणि मग विचारलं, "काका, लिफ्ट चालू आहे ना?" डॉक्टरांनी एक्सरे काढला. म्हणाले, हाडं शाबूत आहेत, नशीब समजा, पण साठीत माणसाचा वैरी एकच, पडणं. अंग हलतं ठेवा, तोल सांभाळायला शिका. आता तोल म्हटल्यावर आपल्याला काय आठवणार? धुरी सर!

आठवतात ना रे? आपल्या बापांच्या गिरण्या बंद पडल्या, परळच्या खोल्या सोडून आपण मुलुंडला आलो, आणि नव्या शाळेतली पोरं रोज मधल्या सुट्टीत आपल्याला बडवायची. त्या मारातून आपण धुरी सरांच्या क्लासपर्यंत पोचलो. क्लास कसला, गणपती मंडळाची सामान ठेवायची पत्र्याची शेड. एका बाजूला मखराच्या फळ्या, एका बाजूला मागल्या वर्षीचा थर्माकोलचा राजवाडा, आणि मध्ये उरलेल्या जागेत जपान. सर कारखान्यात लेथवर होते. सकाळपाळी असली की संध्याकाळी क्लास, दुसरी पाळी असली की सकाळी क्लास. गाव आणि मुलुंड सोडून त्यांनी तिसरी जागा पाहिली नव्हती, पण आकडे मात्र जपानीत मोजायचे. इच, नी, सान, शी, आणि पाचव्या ठोशाला कुणी ढिला पडला की जपान संपून मालवण सुरू. "रे मेल्या, ठोसो मारतंस की माशयो वारतंस?" आपले ते कराटेचे ड्रेस तुला आठवतात? बाबांच्या कपाटात ठेवलेला गिरणीतला मांजरपाट आईनं बेतला, पहिल्या धुण्यात तो असा आखडला की माझी विजार गुडघ्याखाली उतरायला तयार नव्हती. आणि दसरा! पाटावर लाल कापड, त्यावर सरांचा नानचाकू, फोडायची कौलं, वर झेंडू आणि आपट्याची पानं, आणि सर सोवळं नेसून, कमरेला ब्लॅक बेल्ट बांधून आरती म्हणताहेत. तसा दसरा पुन्हा झाला नाही रे. लिहिता लिहिता उठून पाणी पिऊन आलो.

तर डॉक्टरांकडून निघालो तो तडक मागच्या सोसायटीच्या हॉलवर. तिथे संध्याकाळी सर्वेश नावाचा तरुण कराटेचा क्लास घेतो. मुलगा सज्जन आहे, बोलायला गोड. मी त्याला सांगितलं, बाबा रे, मी ब्राऊन बेल्ट आहे. तो म्हणाला, "रिस्पेक्ट आहे सर, पण तुमचं फेडरेशन कुठलं?" आता काय सांगणार? आपलं फेडरेशन म्हणजे धुरी सर स्वतः, त्यांची पत्र्याची ट्रंक आणि दादरहून करून आणलेला रबरी शिक्का. सर्वेशनं अदबीनं ऐकून घेतलं आणि तितक्याच अदबीनं माझ्या हातात पांढरा पट्टा ठेवला. पांढरे पट्टे शेवटच्या रांगेत. माझ्या डाव्या हाताला पहिलीतला एक मुलगा, त्याचे पुढचे दोन दात पडलेले. उजव्या हाताला सीनियर केजीतली एक मुलगी. तिनं मला न्याहाळून विचारलं, "आजोबा, तुम्ही नापास झालात का?" बाहेर पालकांच्या बाकावर बसलेल्या एक बाई मला पाणी पिताना म्हणाल्या, तुमचा नातू कुठला? मी म्हटलं, नातू नाही, मीच. त्यांनी पर्स उचलली आणि जरा लांब सरकल्या.

पण एक सांगतो, नवशिक्याला कराटेसारखं सुख नाही. पहिल्या दिवसापासून करायला काम मिळतं. मूठ वळ, कंबर फिरव, हाण. जोरात ओरड. घरी ओरडायची सोय नाही, ऑफिसात कधीच नव्हती, इथे तर ओरडलं नाही म्हणून ओरडा बसतो. आणि समोर शत्रू नसतोच, तो हवेत असतो, त्यामुळे कायम हरतो. पहिल्या काताच्या ठरलेल्या हालचालींना मी उभा राहिलो आणि काय सांगू अनंता, डोकं सगळं विसरलं होतं पण पाय आपोआप वळले. डावीकडे, पुढे, मागे वळून खाली अडवणं, सगळं जसंच्या तसं. सर्वेशनं क्लास थांबवून सगळ्या पोरांना माझ्याकडे बघायला लावलं. छाती अशी फुगली की ड्रेसची गाठ सुटली. तीच छाती पुढच्या मिनिटाला फुटली, कारण सर्वेश म्हणाला, आता घोडा. तो पाय फाकवून, मांड्या वाकवून, घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचा प्रकार. बसलो झोकात. उठता येईना. सगळी पोरं उठली, रांगा बदलल्या, पाणी पिऊन आली, मी तिथेच घोड्यावर. शेवटी त्या दात पडलेल्यानं आणि सीनियर केजीनं एकेक हात धरला, सर्वेशनं मागून काखेत हात घातले, आणि माझी वरात भिंतीशी आणून टेकवली. पुढचे तीन दिवस मी कमोडवर बसताना धुरी सरांचं नाव घेत होतो.

त्या भिंतीशी टेकून बसलो होतो ना, तेव्हा मला तुझी कौलं आठवली. (टाळू नको, वाच.) गणेशोत्सवातलं आपलं प्रात्यक्षिक. सरांचा नियम एकच, फोडायला कौल घ्यायचं ते जुनं, उन्हापावसानं मुरलेलं, कुणाच्या तरी छपरावरून उतरवलेलं. सामान आणायची पाळी तुझी. आणि तू, नंदा पहिल्या रांगेत बसणार म्हणून, वखारीतून कोरी करकरीत कौलं उचलून आणलीस! का, तर जुनी मळकी दिसतात. कॉलनी सगळी जमलेली, माईकवर सेक्रेटरी तुझं नाव घेतायत, तू हात वर नेलास, असा ओरडलास की मागचं पोर रडायला लागलं, आणि हाणलास. कौलं जिथल्या तिथे. तुझा हात मात्र डोळ्यादेखत फणसाएवढा झाला. पण वा रे पठ्ठे! चेहऱ्यावरचं हसू न हलवता तू माईकवर म्हणालास, "आता दुसरा कार्यक्रम." आणि तेवढ्यात नंदा उठली. आपल्या क्लासमधली एकुलती एक पोरगी, पण त्या दिवशी साडी नेसून आलेली, तिची आई शेजारी बसलेली. ती पदर खोचून स्टेजवर चढली, चपला बाजूला काढून ठेवल्या, सरांना वाकून नमस्कार केला, आणि टाच अशी आणली की वरची दोन कौलं उभी चिरली. कॉलनी पेटली. तिच्या आईनं डोक्याला हात लावला. तुझ्या फटक्यानं आधीच तडा गेला होता, असं तू लग्न झाल्यापासून प्रत्येक पाहुण्याला सांगत आलास. ती चहाचा ट्रे घेऊन उभी राहून ऐकायची आणि मला डोळा मारायची.

आता मी थोडं रागानं लिहितोय ते सहन कर. नंदा तुझी बायको होती हे खरं, पण त्याआधी ती आपल्या क्लासमधली आपली मैत्रीण होती. लग्नानंतर मी तिला वहिनी म्हणायला लागलो ते निव्वळ चिडवायला. तिची आठवण काढायची मक्तेदारी तुझ्या एकट्याची नाही. तू तुझी उचलून गावी घेऊन गेलास, मी माझी कुणाजवळ काढू? अनुपमा ऐकते बिचारी, पण ती कौलं तिनं पाहिलेली नाहीत. मला "हो रे, तशीच उठली" म्हणणारं माणूस या मुलुंडमध्ये उरलेलं नाही. असो. मूळ मुद्द्यावर येतो.

कराटेनं मांड्या गेल्या म्हटल्यावर सर्वेशनंच सुचवलं, सर, याच हॉलमध्ये सकाळी आयकिडोची बॅच असते, साठीच्या आसपासच्या लोकांची, तिथे जाऊन बघा. गेलो. हॉलभर गाद्या अंथरलेल्या, आणि समोरच्या भिंतीवर एक फोटो. पांढरीशुभ्र दाढी, शांत डोळे, खाली छोटीशी फुलदाणी. शिकवणारी मुलगी संघमित्रा, दिवसा बँकेत असते, तिशी-पस्तिशीची, अंगानं काडी. तिनं आणि बाकीच्यांनी आल्या आल्या त्या फोटोसमोर गुडघे टेकून डोकं लववून नमस्कार केला. मी मनात म्हटलं, अरेरे, घरात कुणीतरी गेलंय आणि पोरगी तरी क्लास घेतेय. आपल्याला रीत माहीत. मी चपला काढल्या, पुढे झालो, फोटोला हात जोडले, डोळे मिटून क्षणभर उभा राहिलो, आणि संघमित्राजवळ जाऊन हळूच विचारलं, "बाबा कधी गेले गं तुझे? आजारी होते?" तेवढ्यात तिची आई पुढे आली. शांताबाई, सत्तरीच्या, पालिकेच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे ज्यांनी आयकिडो काढलं ते जपानी गुरुजी आहेत. माझे यजमान घरी पेपर वाचतायत." अख्खी बॅच गादीवर लोळून हसली. (लोळणं हाच तिथला अभ्यासक्रम आहे हे मला नंतर कळलं.)

तर नवशिक्यासाठी आयकिडोचं असं आहे. हाणायला काही नाही. फोडायला तर नाहीच नाही. आधी नुसतं पडायचं. मागे पडायचं, कडेला पडायचं, मग खांद्यावरून कोलांटी घेऊन पुढे पडायचं आणि पडता पडता उठायचं. मी म्हटलं, पोरी, पडायला मी शिकलेलो आहे, जिन्यावर. ती म्हणाली, काका, तुम्ही पडलात ते ताठ. नारळासारखे. तुम्ही चेंडूसारखं पडायचं. सांगायला सोपं आहे! माझी कोलांटी सरळ जातच नाही, डावीकडे वळते. पहिल्याच दिवशी गादी सोडून, चपलांच्या मांडणीला वळसा घालून, मी मंडळाच्या ठेवलेल्या ढोलावर जाऊन आपटलो. ढोल वाजला. खालच्या मजल्यावर बायकांचं भजन चाललं होतं, त्यांना वाटलं वरून ठेका दिला, त्यांनी लय वाढवली.

मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला शांताबाई. त्यांनी माझं मनगट धरायचं आणि मी ते अलगद वळवून त्यांना खाली बसवायचं, असा धडा. त्यांनी धरलं मात्र, आणि माझ्या आत कुठेतरी धुरी सर जागे झाले. मी "किआय" म्हणून असा ठणठणीत ओरडलो की भजन थांबलं, आणि दुसऱ्या हाताचा ठोसा निघाला तो शांताबाईंच्या नाकाच्या बोटभर अलीकडे थांबला. (बोटभर अलीकडे थांबवायची शिकवण सरांची, त्यांचे उपकार.) तिथला वॉचमन काठी घेऊन वर आला. शांताबाईंची पापणी हलली नाही. त्यांनी माझं मनगट सोडलंच नव्हतं. ते जरासं फिरवलं, मी आपोआप वाकलो, आणि दुसऱ्या क्षणी गादीवर पालथा. वरून आवाज आला, "भाऊ, झालं ओरडून? आता नीट शिका." बत्तीस वर्षं पोरं सांभाळलेल्या बाईपुढे आपण काय बोलणार? मी पालथ्या पालथ्या हो म्हटलं.

आणि तिथेच मला दोन्हींतला फरक कळला अनंता, जो मी तुला विचारायच्या आधीच सांगून टाकतो. कराटे एकट्याला करता येतं. गच्चीवर, स्वयंपाकघरात, तुझ्या त्या आचऱ्याच्या अंगणातसुद्धा. आयकिडो एकट्याला येतच नाही. समोरच्यानं तुमचा हात धरला नाही तर धडा सुरूच होत नाही. संघमित्रा शिकत होती तेव्हा घरी सरावाला कुणी नाही म्हणून तिनं आईला हात धरायला उभं केलं, आणि धरता धरता शांताबाई शिकल्या. एकदा तुम्ही पाडायचं, एकदा तुम्ही पडायचं, आळीपाळीनं. आणि ज्याला पाडलं त्याला इजा होऊ द्यायची नाही, कारण पुढच्या वेळी तुमची पाळी असते. घरी आलो तरी मनगटावर कुणीतरी धरल्याचं जाणवत राहतं. रिटायर झाल्यापासून माझा हात कुणी धरला नव्हता रे. (अनुपमा धरते, स्टेशन रोडवर, मी चुकीचा रस्ता ओलांडू नये म्हणून.) मी चहा घेताना दोनदा मनगट चोळलं. तिनं विचारलं, दुखतंय का? मी म्हटलं, नाही, बरं वाटतंय.

पण घोडं अडलंय ते या जोडीपाशीच. सकाळच्या बॅचला संघमित्राचा नियम आहे, प्रत्येकानं आपापला जोडीदार घेऊन यायचं. तिचं म्हणणं, या वयात परक्याच्या हातावर माणूस मोकळेपणानं पडत नाही, आखडतो, आणि आखडला की मोडतो. शांताबाई मला किती दिवस उसन्या मिळणार? कुणी बायकोला आणलंय, कुणी मेहुण्याला, दोघी सख्ख्या जावा आहेत आणि त्या एकमेकींना फार मन लावून आपटतात. मी अनुपमाला गळ घातली. ती एक दिवस आली. संघमित्रानं दाखवलं तसं तिनं माझं मनगट धरून वळवलं आणि मला असा आपटला की धूळ उडाली. पुन्हा आपटला. तिसऱ्यांदा आपटून झाल्यावर तिनं साडी नीट केली, चेहऱ्यावर मोठं समाधान, आणि म्हणाली, "माझं झालं. उद्यापासून मी नाही येणार." लग्नापासूनची बाकी तिनं त्या सकाळी वसूल केली. आता मी गादीच्या कडेला बसतो आणि लोकांच्या जोड्या बघतो. मधे मधे एकटाच कोलांट्या मारतो. घरी सराव करू म्हटलं तर अनुपमा टीपॉय हलवू देत नाही, म्हणून एके ठिकाणी जाऊन करतो. (कुठे ते तूर्त विचारू नको.)

तर असा सगळा पेच आहे. नवशिक्यानं ओरडून ताकद मिळवावी की पडून शहाणपण? तुझं मत कळव. आचऱ्याला काजू कसे लागलेत, शेजारच्यांची म्हैस व्याली का, तेही कळव. गोळ्या वेळेवर घे. नुसती पेज खाऊ नको. गावातल्या सगळ्यांना आमचा नमस्कार आणि रामेश्वराला माझ्यातर्फे एक नारळ.

तुझा
जयवंत

ता. क. पत्र पाकिटात घालताना लक्षात आलं की सल्ला विचारून उपयोग नाही, कारण मी आयकिडोला नाव घातलंसुद्धा. तुझंही घातलंय. जोडीदार या रकान्यात. ड्रेससाठी तुझं माप सांगायचं होतं, मी अंदाजानं एक नंबर मोठा सांगितला, पोट काही पेजेनं गेलं नसेल. संघमित्रा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपर्यंत जागा धरून ठेवणार आहे. नंदाचं वर्षश्राद्ध त्याच आठवड्यात येतं. ते इथे करू. अनुपमानं भटजींना विचारून ठेवलंय. कौलं फोडल्याची गोष्ट त्या दिवशी सगळ्या पाहुण्यांना तू सांग, तडा कुणामुळे गेला ते मी सांगतो.

ता. क. दुसरा. फ्लॅटबद्दल लिहिणार नव्हतो, पण हर्षद तुझ्या कानावर घालेलच, त्याआधी माझ्याकडून ऐक. मी सरावाला जातो ते तुझ्याच हॉलमध्ये. दिवाण भिंतीला सारला की कोलांटीला भरपूर जागा होते. गेल्या शनिवारी हर्षद एका जोडप्याला घेऊन आला. दार नुसतं लोटलेलं होतं. ते दोघं आत आले आणि नेमका मी खांद्यावरून फिरत, नेहमीप्रमाणे डावीकडे वळत, त्यांच्या पायाशी येऊन थांबलो. कोलांटीनंतर हात वर करून ओरडायची मला अजून सवय आहे. बाईंनी हर्षदला विचारलं, हे घराबरोबर येतात का? ती मंडळी परत आली नाहीत. त्यानंतर जे आले त्यांच्या वेळीही मी योगायोगानं तिथेच होतो. हर्षद आता माझ्याशी बोलत नाही.

ता. क. तिसरा. संघमित्रानं विचारलं, तुमचा जोडीदार अगदीच नवीन आहे का? मी म्हटलं, पडण्यात नाही. उठण्यात आहे. ती म्हणाली, मग घेऊन या, उठणं आपण शिकवतोच.

ता. क. शेवटचा. अनुपमा उठली आणि तिनं हे सगळं वाचलं. म्हणाली, एवढे कागद कराटे-आयकिडोवर कशाला खराब केलेत, एकच ओळ पुरली असती. तिनं सांगितलेली ओळ खाली लिहितो.

अनंता, तुझ्यावाचून इथे करमत नाही, घर विकू नकोस, ये.

ओळ तिची आहे. पण अक्षर माझं आहे.